गाडीच्या जागेची फरशी: आधी भराव, मग ढाळ, शेवटी टाइल

बंगल्याचा पोर्च असो, घराखालचं पार्किंग असो की शटर लावलेला गाळा, "कुठली टाइल बसवू?" या प्रश्नानंच बहुतेक बोलणं सुरू होतं. टाइल ही शेवटची गोष्ट आहे. गाडीखालची फरशी खचते, तडकते किंवा पोकळ वाजते, त्यातल्या बहुतेक वेळा दोष वरच्या मालात नसतो. तो खालच्या भरावात असतो, नाहीतर पाण्याच्या वाटेत. म्हणून हे पत्रक खालून वर जातं.

गाडीचा भार कसा पडतो

मोठी गाडी माणसांसकट पावणेदोन टनांच्याही वर जाते. म्हणजे एका चाकावर चारशे किलोंच्या वर, आणि तेही तळहाताहून थोड्या मोठ्या जागेवर. बैठकीच्या खोलीत एका ठिकाणी एवढा भार कधीच येत नाही. त्याहून वाईट म्हणजे जॅक आणि बुलेटचं साइड स्टँड, कारण तो सगळा भार दोन-तीन बोटांच्या जागेत उतरतो. जॅकखाली नेहमी फळीचा जाड तुकडा घाला. उभी गाडी एकाच जागी स्टिअरिंग फिरवते तेव्हा टायर फरशीला पिळतो, आणि घरातली टाइल इथं बसवली की तिची चकाकी पहिल्यांदा त्याच जागेवर जाते.

खाली काळी माती की मुरूम?

कोल्हापुरात हा प्रश्न पहिला. पंचगंगेच्या काठच्या आणि शेतं मोडून झालेल्या वसाहतींत खाली बहुधा काळी माती असते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर सरळ काँक्रीट ओतलं तर दोन-तीन पावसाळ्यांत मधोमध तडा ठरलेला. माळावरच्या भागात खाली मुरूम किंवा पाषाण लागतो, तिथं काम सोपं होतं.

काळी माती असेल तर किमान दीड-दोन फूट उकरून बाहेर काढा आणि मुरूम भरा. मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवायचा नाही, कारण वरचे सहा इंचच दबतात आणि खालचा भाग भुसभुशीत राहतो. सहा-सहा इंचांचा थर, प्रत्येक थरावर पाणी, मग प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरत्या पत्र्यानं भराव दाबणारं यंत्र). जागा अगदी लहान असेल तर धुम्मस (हातानं ठोकायचा जड ठोकळा) चालेल, पण थर चार इंचांचा ठेवा. दाबलेल्या थरावर बुटाची टाच जोर देऊन फिरवली तर खळगा पडता कामा नये. जोत्याच्या भिंतीलगतची पट्टी नेहमी कच्ची राहते, कारण तिथं यंत्र पोचत नाही आणि पायाचा खड्डा तिथंच बुजवलेला असतो. ती हातानं वेगळी ठोकून घ्या. फरशी भिंतीपासून सुटून खाली बसते ती याच पट्टीत.

मुरमावर सहा ते नऊ इंच दगडी सोलिंग. दगड उभे लावून फटी बारीक दगडानं आणि मुरमानं भरायच्या. त्यावर तीन-चार इंच पीसीसी, म्हणजे सळई नसलेलं साधं काँक्रीट, सिमेंट-वाळू-खडी १:४:८ प्रमाणात. ओल वर चढायची भीती असेल तर पीसीसीवर २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरा आणि सांध्यावर सहा इंच एकमेकांवर चढवा. पुढं कधी इपॉक्सी (फरशीवर चढवायचा रेझिनचा थर) करायचा विचार असेल तर हा कागद आजच घाला, नंतर तो घालायला फरशीच फोडावी लागते.

ढाळ

१८ फूट लांबीत सव्वादोन ते अडीच इंच उतार हवा, फाटकाच्या दिशेनं. यापेक्षा कमी ठेवला तर गाडी धुतलेलं पाणी चाकांपाशी थांबतं आणि तिथंच शेवाळ धरतं. उतार पीसीसीतच काढून घ्या. वरच्या थरात काढायला गेलं की एका टोकाला चार इंच आणि दुसऱ्या टोकाला दीड इंच काँक्रीट राहतं, आणि पातळ टोक फुटतं. फाटकापाशी आडवी गटार करून तिच्यावर उचलता येईल अशी जाळी ठेवा. पक्की डांबून टाकलेली जाळी पहिल्याच पावसात पानांनी तुंबते.

रस्त्यावर डांबराचे थर दर काही वर्षांनी चढत जातात. आज रस्त्याला बरोबर असलेलं पार्किंग उद्या खड्ड्यात जातं, म्हणून फरशी रस्त्यापासून किमान सहा इंच वर घ्या. फाटकातल्या उतरंडीला आडव्या किंवा माशाच्या काट्यासारख्या खाचा काढा, ओल्या चाकाला पकड मिळते.

साधं काँक्रीट: आमचा पहिला सल्ला

जाहिरातीत शोभत नाही, पण घरच्या गाडीसाठी चार इंच एम-२० काँक्रीटला (एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी) तोड नाही. १० बाय १८ फुटांच्या जागेला ६० घनफूट काँक्रीट लागतं: १४ पोती सिमेंट, पाव ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) वाळू किंवा क्रश सँड, अर्धा ब्रास २० मिलिमीटर खडी. नासधुशीसाठी वाळू-खडी थोडी जास्त मागवा. मोठी गाडी, पिकअप किंवा ट्रॅक्टर लावायचा असेल तर जाडी पाच-सहा इंच करा.

प्रमाण घमेल्यांच्या अंदाजानं बिघडतं. ४० बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरचा लाकडी फर्मा करून घ्या, त्यात बरोबर एका पोत्याचं सिमेंट मावतं. एका पोत्याला दीड फर्मा वाळू आणि तीन फर्मे खडी. पाणी पोत्यामागं २५ ते २७ लिटर. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. काम सोपं व्हावं म्हणून पाणी वाढवलं जातं, आणि फरशीची पुढची सगळी दुखणी तिथून सुरू होतात: जादा पाणी वर येतं, सोबत सिमेंटचा बारीक गाळ आणतं, आणि तो वाळला की फरशी वर्षानुवर्षं पांढरी धूळ सोडत राहते. कितीही झाडा, टायरला पावडर लागलेलीच. वर पाणी दिसतंय म्हणून कोरडं सिमेंट भुरभुरून घोटाई करणं हा उपाय नाही. तो पापुद्रा पुढं पोपडे होऊन निघतो. पाणी आपोआप जिरू द्या, मगच लाकडी रंधा आणि शेवटी थापी. गाडीच्या जागेला अगदी गुळगुळीत घोटाई नकोच, ओल्या पायानं माणूस घसरतो. शेवटी झाडूचा हलका खरवडा मारून घ्या.

भराव नवा असेल किंवा खाली काळी माती असेल तर ८ मिलिमीटरची सळई दोन्ही दिशांनी आठ इंचांवर घाला. वरच्या मापाला सुमारे ७० किलो लागते. ही जाळी वरच्या पृष्ठापासून दीड इंच खाली राहिली पाहिजे. साइटवर ती जमिनीवर अंथरतात आणि ओतताना हुकानं वर ओढतात. प्रत्यक्षात ती तळालाच बसते आणि तडा रोखायला तिचा काहीच उपयोग होत नाही. खाली सळईच्या खुर्च्या किंवा काँक्रीटचे ठोकळे ठेवून घ्या.

काँक्रीट आकसतंच, त्यामुळं तडा कुठं जायचा हे आपण ठरवायचं. दुसऱ्या दिवशीच, २४ तासांच्या आत, कटरनं एक इंच खोल खाच मारा. १८ फुटांत मधोमध एक खाच, ९ बाय १०चे दोन भाग. आठवड्यानं मारलेली खाच फक्त दिसायला असते, तोपर्यंत तडा आपली वाट घेऊन मोकळा झालेला असतो. खांबाभोवती आणि भिंतीलगत थर्माकोलची पट्टी सोडा.

कडा बांधून पाणी साठवणं किमान दहा दिवस, मार्च-एप्रिलमध्ये चौदा. गोणपाट टाकून सकाळी एकदा पाणी मारलं तर ते दुपारीच सुकतं. गाडी १४ दिवसांआधी चढवू नका, जड वाहन २८ दिवसांआधी नको.

धूळ अजिबात नको असेल तर २८ दिवसांनंतर सिलिकेटचं हार्डनर द्रव मारून घेता येतं. ते काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी मिळून पृष्ठ घट्ट करतं. कच्च्या कामाला मात्र ते वाचवत नाही.

पार्किंग टाइल

दिसायला देखणी आणि पुसायला सोपी. पण घरातली आठ-नऊ मिलिमीटरची चकचकीत टाइल नको. १२ मिलिमीटर किंवा त्याहून जाड, खडबडीत पृष्ठाची पार्किंग टाइल घ्या. जड गाडीला १६ ते २० मिलिमीटर. टाइल फुटते ती बहुधा खालच्या पोकळीमुळं. कोपऱ्यांत मसाल्याचे चार गोळे आणि मधे एक ठेवून टाइल ठोकली की उरलेली जागा रिकामी राहते, आणि चाक नेमकं त्या जागेवर आलं की टिचकी उडते. दातेरी पट्टीनं पूर्ण अॅडहेसिव्ह लावा, टाइलच्या पाठीवरही हात फिरवा. बसवताना मधूनच एखादी उचलून पाहा, पाठ पूर्ण माखलेली हवी. दुसऱ्या दिवशी नाण्यानं ठोकून पोकळ वाजणाऱ्या टाइल खडूनं खूण करून बदलून घ्या, बिल देण्याआधी. सांधा तीन मिलिमीटर. खालच्या काँक्रीटची खाच टाइलमध्येही त्याच रेषेत वर घ्या, नाहीतर तडा टाइलमधून वर येतो.

शहाबादी, कोटा, पेव्हर

शहाबादी आणि कोटा दोन्ही चुनखडीचे दगड. जाड शहाबादी, किमान दीड इंच, पूर्ण मसाल्यावर बसवली तर पार्किंगला चांगली टिकते. तिचा शत्रू आम्ल. बॅटरीचं पाणी सांडलं किंवा संडास धुवायचं ॲसिड लावलं की दगड फेसाळतो आणि तिथं कायमचा खरबरीत डाग राहतो. बॅटरीचं पाणी सांडलंच तर लगेच खायचा सोडा टाका, फेस थांबल्यावर भरपूर पाण्यानं धुवा. पॉलिश केलेल्या कोट्यावर पावसाळ्यात पाय घसरतो, लेदर फिनिश (किंचित खडबडीत पृष्ठाचा) घ्या.

पेव्हर, म्हणजे वाळूवर बसवायचे काँक्रीटचे ब्लॉक, उघड्या अंगणाला उत्तम, पाणी जिरतं आणि एखादा काढून परत बसवता येतो. गाडीला ६० मिलिमीटर जाडी किमान, जड वाहनाला ८०. कडेला काँक्रीटची कर्ब नसेल तर ब्लॉक बाहेर सरकत जातात आणि मधे चर पडतात. छपराखाली मात्र पेव्हर नको, तेल शोषतो आणि सांध्यात मुंग्या वाळू उकरतात.

इपॉक्सी कुणी करू नये

खालून ओल येत असेल त्यांनी. ती अडली की पापुद्रा फुगून सुटतो. तपासणी घरीच होते: दीड फूट चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी टेप लावून रात्रभर ठेवा. सकाळी खाली थेंब किंवा काळपट डाग दिसला तर इपॉक्सी विसरा. काँक्रीट २८ दिवसांचं हवं, आणि वरचा पापुद्रा मशिननं घासून काढलाच पाहिजे. धुतलेल्या फरशीवर सरळ रंगासारखं फासलेलं इपॉक्सी गरम टायरला चिकटून निघतं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हे काम घेऊ नये. पोर्चमध्ये ऊन येत असेल तर ते पिवळं पडतं, वर पॉलियुरेथेनचा थर लागतो.

पुराच्या पट्ट्यात घर असेल तर

२०१९ आणि २०२१ला ज्या गल्ल्यांत पाणी आलं, तिथं जाळी घातलेलं साधं काँक्रीटच. पेव्हरखालची वाळू वाहत्या पाण्यात निघून जाते, इपॉक्सी खालून भिजतं. फरशी आणि भिंतीच्या कोपऱ्यात वाटा (सिमेंटचा गोलसर उतार) मारून घ्या, गाळ अडकत नाही. पाणी उतरू लागलं की त्याच पाण्यात गाळ ढकलून बाहेर काढा. वाळल्यावर तो खरवडावा लागतो.

कधी काम काढावं

दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. भरावाचं काम तरी मृगाच्या आधी, म्हणजे ७ जूनपूर्वी उरका. जमत असेल तर नवा भराव एक पावसाळा उघडा ठेवा, तो स्वतःच बसतो आणि वरचा खर्च वाचतो.

विचारायला येताना जागेची लांबी-रुंदी, रस्ता आणि जोतं यांतला उंचीचा फरक, लावायची सगळ्यात जड गाडी, आणि एका कोपऱ्यात दोन फूट खणून खाली काय लागलं त्याचा मोबाइलवरचा फोटो एवढं घेऊन या.