इनटेक व्हॉल्व्हवरचं किटण : ‘डीआय’वर उगाच आलेला बोल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ट्रकचं हेड उतरवलं की इनटेक व्हॉल्व्हच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या झडपेच्या, पाठीवर काय साचलंय हे आता मालकही वाकून बघतात. पूर्वी त्यांची नजर थेट लाइनर-पिस्टनवर जायची. किटण दिसलं की ठरलेलं वाक्य येतं, ‘डीआय इंजिन आहे, व्हॉल्व्हवर तेल बसणारच.’ डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन, इंधन थेट सिलिंडरमध्ये मारणं. हे वाक्य खोटं नाही. पण ते ज्या गाड्यांना लागू पडतं, त्या आपल्याकडे उसाच्या रांगेत उभ्या नसतात.

घोटाळा शब्दाचा आहे. डिझेलवाल्यांच्या तोंडी ‘डीआय’ आला तो प्री-चेंबरच्या विरुद्धार्थी. जुन्या धाटणीच्या इंजिनात डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात उडायचं, तिथं पेट घेऊन मग सिलिंडरमध्ये उतरायचं. सकाळी हीटर प्लग तापेपर्यंत ड्रायव्हर किल्ली धरून बसायचा. डीआयमध्ये नोझल पिस्टनच्या माथ्यावरच्या वाटीत थेट फवारा मारतो. आता गंमत बघा, या दोन्हींत डिझेल इनटेक व्हॉल्व्हवरून जातच नाही. तिथून फक्त हवा जाते. म्हणजे ‘डीआय आलं आणि व्हॉल्व्ह धुतले जायचे थांबले’ असं डिझेलबद्दल म्हणताच येत नाही, कारण ते कधी धुतलेच जात नव्हते.

पेट्रोलचं तसं नाही. कार्बोरेटर असो की एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी पेट्रोल फवारणारी पद्धत), पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवरूनच आत जायचं आणि जाता जाता तेल धुऊन न्यायचं. १९९६ मध्ये एका जपानी कंपनीनं पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये मारणारं इंजिन मोठ्या प्रमाणावर बाजारात आणलं. पुढं ही पद्धत युरोप-अमेरिकेत पसरली आणि व्हॉल्व्ह काळे पडू लागले. अमेरिकेत साध्या बोलण्यात ‘ट्रक’ म्हणजे बहुतेक वेळा पिकअप, तेही पेट्रोलवरचं. तिथल्या एका खपाऊ पिकअपला २०११ च्या मॉडेलात असं टर्बो इंजिन मिळालं, आणि २०१७ च्या मॉडेलात त्याच कंपनीनं पोर्टमधलं, म्हणजे व्हॉल्व्हच्या मागून फवारणारं, इंजेक्शन जोडीला परत आणलं. अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्यानं व्हॉल्व्ह साफ करायचे व्हिडिओ आपल्याकडे पोचले ते तिकडून. ‘ट्रक’ आणि ‘डीआय’ हे दोन्ही शब्द ओळखीचे, अर्थ मात्र दोन्हींचा वेगळा.

मग आपल्या ट्रकच्या व्हॉल्व्हवर किटण येतं कुठून? बरंचसं ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या श्वास सोडायच्या वाटेतून. रिंगांच्या फटीतून थोडा गॅस क्रँककेसमध्ये, म्हणजे सिलिंडरखालच्या तेलाच्या पेटीत, उतरतोच. तेलाचं धुकं घेऊन तो बाहेर पडायला वाट शोधतो. जुन्या ट्रकला ही वाट म्हणजे चासीखाली सोडलेली नळी, आणि गाडी रात्रभर उभी राहिली त्या जागी सकाळी काळा डाग. मोटारींमध्ये हा धूर परत इंजिनात पाठवायची सुरुवात १९६० च्या दशकारंभी कॅलिफोर्नियात झाली. टर्बो डिझेलला बराच काळ सूट होती. अमेरिकेत ती २००७ च्या नियमांनी गेली. आपल्याकडे बीएस-६ मध्ये (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाड्यांच्या धुराचे नियम) हा धूर एक तर परत इंजिनात घ्यावा लागतो, नाही तर सायलेन्सरच्या धुराबरोबर मोजावा लागतो. रस्त्यावरचा डाग गेला आणि तेलाचं धुकं टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, तोंडाशी आलं.

नुसतं तेल तसं निरुपद्रवी. ईजीआर नसलेल्या गाडीचा इंटरकूलरचा (टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीचा) होज काढून आत बोट फिरवलं तर पातळ ओशटपणा लागतो, फडक्यानं निघतो. ईजीआर म्हणजे जळलेल्या धुरातला काही भाग परत इनटेकमध्ये सोडणं. त्या काजळीशी तेलाची गाठ पडली की मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) काकवी तयार होते आणि गरम व्हॉल्व्हवर ती भाजून घट्ट बसते. बीएस-४ ची २०१० ची पहिली यादी १३ शहरांची होती. त्यात पुणे आणि सोलापूर होतं, कोल्हापूर नव्हतं. देशभर बीएस-४ लागू झालं १ एप्रिल २०१७ ला आणि तीनच वर्षांत, १ एप्रिल २०२० ला, बीएस-६. मधली पायरी गाळलेली. काही कंपन्या ईजीआरवर गेल्या, काही सायलेन्सरच्या धुरात युरिया फवारण्यावर, काहींनी पुढं दोन्ही घेतलं. एमएच-०९ च्या, म्हणजे कोल्हापूरच्या, मिस्त्र्यांना हे सगळं एकदमच अंगावर घ्यावं लागलं.

त्यावर निघालेले काही उपाय रोगापेक्षा वाईट आहेत. ब्रीदरला बोळा कोंबला की क्रँककेसचा दाब ऑईल सील फोडून बाहेर येतो. ईजीआरच्या तोंडाला पत्र्याची चकती लावली की बीएस-६ गाडीचा ईसीएम (इंजिन सांभाळणारा संगणक) फॉल्ट दाखवतो आणि ताकद उतरवतो, शिवाय ते बेकायदा आहे. खरा उपाय कंटाळवाणा आहे. ब्रीदरच्या वाटेवर ऑईल सेपरेटर असतो. तो फिल्टरवाला असेल तर त्याचा एलिमेंट ठरल्या किलोमीटरला बदलायचा. सर्व्हिसच्या बिलात पहिली काट नेमकी त्यालाच लागते. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑईल भरायचं नाही. ‘लिटरभर जास्त असू दे’ ही सवय धुकं वाढवते. एअर फिल्टर तुंबला की टर्बोच्या सीलमधून तेल ओढलं जातं, आणि हंगामात शेतातल्या फुफाट्यातून फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर हायवेच्या गाडीच्या कितीतरी आधी तुंबतो. कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत इंजिन घुरघुरत ठेवणं हेही तेल वाढवणाऱ्या सवयींतलंच. आणि ब्रीदर भसाभसा धूर टाकत असेल तर सेपरेटर कितीही बदला, रिंगा संपल्यात.