व्यंगचित्रांचे गैरवाचन

राजकीय व्यंगचित्र ज्या वाचकांसाठी काढले गेले त्यांच्या बाहेरच्या वाचकाने त्याचा भलताच, पुष्कळदा नेमका उलटा अर्थ लावणे. चित्रकार ज्याची टर उडवतो तो सुटतो आणि ज्याची बाजू घेतो त्याचाच अपमान झाला असे वाटू लागते. बाहेरचा वाचक परदेशीच असतो असे नाही. कांद्याच्या भावावर दिल्लीत काढलेले चित्र नाशिकला येते तेव्हाही हेच घडते. गैरवाचनाचे खापर बहुधा ‘त्यांना विनोदबुद्धी नाही’ या सबबीवर फोडले जाते. प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणांत चित्राबरोबर असलेली एखादी ओळ, तारीख किंवा बातमी वाटेत गळालेली असते.

लक्ष्य चुकणे : सर्वांत जास्त गफलत होते ती तिरकस बोलणे सरळ घेतल्याने. व्यंगचित्रकार अनेकदा विरोधकाच्याच डोळ्यांनी चित्र काढतो, म्हणजे त्या नजरेतला ओंगळपणा उघडा पडतो. ही नजर कोणाची हे ज्याला माहीत नाही, तो चित्रात दिसते तेच चित्रकाराचे मत समजतो. ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाच्या २१ जुलै २००८ च्या अंकावर बॅरी ब्लिट यांनी बराक ओबामांना फेटा घालून आणि मिशेल ओबामांना बंदूक लटकवून दाखवले होते. ओबामांविषयी पसरवल्या जाणाऱ्या अफवांची ती टवाळी होती. चित्राचे शीर्षक ‘भीतीचे राजकारण’ असे होते. पण त्या साप्ताहिकाच्या प्रथेप्रमाणे ते मुखपृष्ठावर नव्हते, आत अनुक्रमणिकेच्या पानावर छापलेले होते. नुसते मुखपृष्ठ पाहणाऱ्याला किल्ली मिळालीच नाही. इथे सात समुद्र ओलांडायचीही गरज पडली नाही, अमेरिकेतच गहजब झाला.

फ्रान्सच्या ‘शार्ली एब्दो’ या व्यंगसाप्ताहिकातील ख्रिस्तियान तोबिरा यांचे चित्र हे याहून ठळक उदाहरण. तोबिरा या तेव्हाच्या कृष्णवर्णीय न्यायमंत्री. अतिउजव्या पक्षाच्या एका उमेदवार बाईंनी त्यांची माकडाशी तुलना केली होती. २०१३ मध्ये चित्रकार शार्ब यांनी तोबिरांना माकडाच्या अंगाचे दाखवले, शेजारी त्या पक्षाचे तिरंगी ज्योतीचे चिन्ह काढले आणि पक्षाच्या घोषणेत ‘वंशद्वेषी’ हा शब्द घुसवून मथळा दिला. फ्रेंच वाचकाला ती ज्योत म्हणजे गुन्हेगाराच्या नावाची पाटी. साप्ताहिकाच्या कार्यालयावर जानेवारी २०१५ मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर हे चित्र जगभर फिरले तेव्हा मथळा कोणाला वाचता येईना आणि ज्योत कोणाची हे कळेना. उरले ते फक्त माकड. त्या हल्ल्यात मारले गेलेले चित्रकार तिन्यूस यांच्या अंत्यविधीत खुद्द तोबिरा यांनी श्रद्धांजलीपर भाषण केले, ही गोष्ट मात्र चित्राबरोबर फिरली नाही. तरीही हा मासला वाटतो तितका सोपा नाही. वंशद्वेष्ट्याचे माकड पुन्हा काढून त्यालाच हिणवता येते का, यावर मतभेद आहेत आणि ते रास्त आहेत. गैरवाचन झाले म्हणजे चित्र निर्दोष ठरले, असा हिशेब नसतो.

डेन्मार्कच्या ‘युलंड्स-पोस्टेन’ने ३० सप्टेंबर २००५ रोजी छापलेल्या बारा चित्रांची गोष्ट वेगळी. तिथे प्रेषित मोहम्मदांचे चित्रण करणे हाच वृत्तपत्राचा उघड हेतू होता, त्यामुळे त्यावरच्या निषेधाला सरसकट गैरवाचन म्हणता येत नाही. त्या बारांतले एक चित्र मात्र खास आहे. त्यात मोहम्मद नावाचा एक शाळकरी पोरगा फळ्याकडे बोट दाखवतो आहे. फळ्यावर फार्सीत लिहिले आहे की या वृत्तपत्राची संपादक मंडळी प्रतिगामी आणि कळ काढणारी आहेत. डॅनिश वाचकाला फार्सी येत नव्हती आणि निषेध करणाऱ्यांनी बाराचा आकडाच तेवढा धरला. स्वतःच्या वृत्तपत्रावरच उलटलेले ते चित्र त्यामुळे दोन्हीकडून हुकले.

चिन्हांचा घोळ : अमेरिकेत गाढव म्हणजे डेमोक्रॅटिक पक्ष आणि हत्ती म्हणजे रिपब्लिकन पक्ष. थॉमस नास्ट यांनी एकोणिसाव्या शतकात ही जोडी रूढ केली. मराठी वाचकाला गाढव दिसले की धिंड आठवते आणि हत्ती दिसला की बहुजन समाज पक्ष. घुबड इंग्रजीत शहाणे, आपल्याकडे अभद्र, तर बंगालमध्ये लक्ष्मीचे वाहन. चिनी ड्रॅगन युरोपात आग ओकणारा राक्षस ठरतो, चीनमध्ये तो मंगल असतो. पॅलेस्टिनी चित्रकार नाजी अल-अली यांचा हंदाला हा दहा वर्षांचा पोरगा वाचकाकडे पाठ करून उभा असतो. अरब वाचकाला तो जगाचे वागणे नाकारणारा साक्षीदार वाटतो, नवख्याला रुसलेले पोर. असली चिन्हे एका ओळीच्या टिपेने सुटतात. खरी अडचण ओळखीच्या वाटणाऱ्या चिन्हांची, कारण तिथे टीप शोधावी असे कोणाला सुचतच नाही.

मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोचले. चारच दिवसांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने सिंगापूरचे हेंग किम साँग यांचे चित्र छापले. ‘उच्चभ्रू अंतराळ क्लब’ असे लिहिलेल्या खोलीत दोन बडी मंडळी बसली आहेत आणि दारावर फेटेवाला भारतीय शेतकरी गाय घेऊन थाप मारतो आहे. संपादकांच्या खुलाशानुसार रोख होता श्रीमंत देशांची मक्तेदारी मोडली यावर. भारतात मात्र लोकांना दिसला हिणवलेला शेतकरी, आणि वृत्तपत्राला दिलगिरी व्यक्त करावी लागली. या वाचनाला निव्वळ चूक म्हणणे अवघड आहे. गाय आणि धोतर हे भारतासाठी वापरायचे जुने वसाहती साचे आहेत. चित्रकाराने साचा घेतला की त्याच्याबरोबरचा तुच्छभावही आपोआप येतो, हेतू काही का असेना.

काळाचे अंतर : देश एकच असला तरी साठ वर्षांत वाचक बदलतो. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ मध्ये काढलेल्या चित्रात राज्यघटना ही गोगलगाय आहे, तिच्यावर डॉ. आंबेडकर हातात चाबूक घेऊन बसले आहेत आणि मागे नेहरूंनी चाबूक उगारला आहे. घटना तयार व्हायला वेळ लागतो आहे, एवढाच तेव्हाचा विनोद. हे चित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आले आणि मे २०१२ मध्ये संसदेत गदारोळ झाला. पुस्तकाच्या दोन्ही मुख्य सल्लागारांनी, सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी, राजीनामे दिले. पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली. नेहरूंचा चाबूक गोगलगायीवर की बाबासाहेबांवर, हा वाद रेषेच्या दिशेपुरता नव्हता. २ मार्च १९३० ला सुरू झालेला नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह पाच वर्षे चालूनही दार उघडले नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. हे ज्या जिल्ह्यात घडले तिथल्या वाचकाला बाबासाहेबांच्या पाठीमागचा चाबूक हे नुसते घाईचे चिन्ह म्हणून वाचता येत नाही. पुस्तकात चित्राला संदर्भ दिलेला होता. तो पुरला नाही, कारण चित्र पुस्तकातून सुटून एकटे फिरले.

मुद्दाम लपवलेला अर्थ : उलटही घडते. परक्याला कळू नये म्हणूनच काही उपहास रचला जातो. कृ. प्र. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ हे १९०७ चे नाटक महाभारतातल्या कथेचे होते. प्रेक्षकांना मात्र कीचकात लॉर्ड कर्झन, द्रौपदीत पारतंत्र्यातला देश, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल दिसत होते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांचा वध झाला. पुढच्याच वर्षी सरकारने या नाटकावर बंदी घातली. सरकारला अर्थ कळला, पण उशिरा.

कांद्याचे चित्र : नाशिककरांना रोजच्या व्यवहारात भेटणारे गैरवाचन हे. शहरी वर्तमानपत्रांत कांदा महागला की ठरावीक चित्रे येतात: तिजोरीत कांदा, अंगठीत हिऱ्याच्या जागी कांदा, कांदा न चिरताच रडणारी गृहिणी. चित्रकाराचा रोख सरकारवर असतो. १९९८ मध्ये दिल्ली राज्यातला सत्ताधारी पक्ष निवडणूक हरण्यामागे कांद्याचा भाव हे एक कारण मानले जाते, त्यामुळे तिथे ही चित्रे सत्तेला बोचतात. तेच चित्र निफाड किंवा चांदवडच्या शेतकऱ्याला ‘तुझ्या मालाला दाम मिळाले हीच आपत्ती’ असे सांगते.

याचे कारण हिशेबात आहे. दिल्लीचा वाचक भाव किलोत मोजतो, लासलगावचा क्विंटलमध्ये. चित्रात ८० रुपये किलो असले म्हणजे शेतकऱ्याला क्विंटलला ८,००० मिळाले असे होत नाही. मध्ये आडत, हमाली, गोणी, वाहतूक, नासाडी आणि किरकोळ विक्रेत्याचा नफा असतो. शिवाय उन्हाळ कांदा कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर छपरात, महिनोन्‌महिने ठेवावा लागतो. तो सुकून वजनाला घटतो, कोंब येतात, काही सडतो. भाव चढतो तो नेमका चाळी रिकाम्या होत आल्यावर. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले आणि जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. डिसेंबरात निर्यातबंदीच आली. अशा आठवड्यात हिऱ्याच्या अंगठीचे चित्र इथे कोणाला हसवत नाही. उलट बाजूने, रस्त्यावर कांदा ओतल्याचे छायाचित्र शहरात ‘अन्नाची नासाडी’ म्हणून वाचले जाते, तेव्हा तो निषेध असतो आणि त्यात उपहासही असतो.

कृतीतला उपहास सरकारी टेबलावर तर हमखास शब्दशः घेतला जातो. २०१८ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने ७५० किलो कांद्याचे आलेले १,०६४ रुपये मनिऑर्डरने पंतप्रधानांकडे पाठवले. ती रक्कम देणगी नव्हती हे कोणत्याही मराठी वाचकाला सांगावे लागले नाही. मनिऑर्डर मात्र परत आली. पोळ्याला बैलांच्या अंगावर रंगाने भावाच्या मागण्या आणि टोमणे लिहिण्याची रीतही याच जातीची.

पुनर्मुद्रण आणि भाषांतर : परभाषेतले चित्र मराठीत छापताना पहिली कात्री कोपऱ्याला लागते आणि तिथेच चित्रकाराची सही, साल व वृत्तपत्राचे नाव असते. तो कोपरा राखावा. चित्राखाली एक संदर्भओळ द्यावी: देश, प्रकाशन, तारीख आणि कोणत्या बातमीवर चित्र काढले ती बातमी. पंधरा-वीस शब्द पुरतात. विनोद समजावून सांगू नये, बातमी सांगावी.

पात्रांच्या संवादाच्या फुग्यातला मजकूर ही वेगळी डोकेदुखी. इंग्रजी फुगे बहुधा कॅपिटल अक्षरांत, वरखाली काही न लोंबता लिहिलेले असतात. देवनागरीत शिरोरेषेवर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार येतात, त्यामुळे ओळींत जास्त मोकळी जागा लागते. इंग्रजीच्या चार ओळींच्या जागी मराठीच्या तीनच नीट बसतात. अक्षर बारीक करण्यापेक्षा वाक्य तोडावे.

उर्दू किंवा अरबी दोन चौकटींचे चित्र उजवीकडून वाचायचे असते. डावीकडून वाचले तर ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची अदलाबदल होते आणि टीकेची स्तुती होते. यावर चित्र आरशासारखे उलटवणे हा सर्वांत वाईट उपाय. उजव्या हाताने दिलेला प्रसाद डाव्या हाताने दिला जातो, साडीचा पदर उजव्या खांद्यावर जाऊन बाई गुजराती होते आणि पाट्यांवरची अक्षरे उलटी दिसतात. चौकटी कापून फक्त त्यांची जागा बदलावी किंवा १, २ असे आकडे घालावेत.

छापण्याआधी साधी चाचणी पुरते. खालची ओळ झाकून चित्र तीन-चार जणांना दाखवावे, त्यांत एखादा चित्रातल्या विषयाशी पोटापाण्याने जोडलेला असावा. कांद्याचे चित्र असेल तर बाजार समितीतला माणूस. ‘आवडले का’ असे न विचारता ‘यात कोणाची फजिती केली आहे’ असे विचारावे. उत्तरे दोन निघाली तर संदर्भओळ अपुरी आहे. ओळ दाखवूनही दोनच राहिली तर दोष चित्रात आहे.

व्हॉट्सॲपवर आलेल्या चित्रात हाताने काढलेल्या रेषांत छापील टंक दिसला, फुग्याच्या आतला पांढरा रंग बाहेरच्यापेक्षा वेगळा असला किंवा सही अर्धवट कापलेली असली तर मजकूर बदललेला आहे असे धरून चालावे. गूगल लेन्सवर मूळ चित्र बहुधा सापडते. ते दिसेपर्यंत पुढे पाठवू नये.

कायदा : न रुचलेले आणि बेकायदा या दोन गोष्टी न्यायालयाने वेगळ्या काढल्या आहेत. व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना सप्टेंबर २०१२ मध्ये मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. राजमुद्रेतल्या सिंहांच्या जागी त्यांनी लांडगे काढले होते. मार्च २०१५ मधील निकालात मुंबई उच्च न्यायालयाने त्या चित्रांत विनोद किंवा उपहास नसल्याचे नोंदवले, पण हिंसेला चिथावणी नसल्याने तेवढ्यावरून अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर बंधन घालता येत नाही, असेही स्पष्ट केले.