बंदोबस्तातली दोन खाकी: पोलीस शिपाई आणि होमगार्ड

अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर किंवा सहा डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्क परिसरात दोरखंड धरून गर्दीला वाट करून देणारी खाकी वर्दीतली सगळीच माणसे लोकांच्या लेखी ‘पोलीस’ असतात. वर्दीवरची अक्षरे वाचण्याइतकी सवड गर्दीत कोणाला नसते, आणि एखाद्याने ती वाचलीच तर ‘अरे, हा तर होमगार्ड, याला कसले आले अधिकार’ असा दुसरा गैरसमज सुरू होतो. पहिल्या गैरसमजापेक्षा हा दुसरा अधिक चुकीचा आहे, कारण पहिल्यात निदान थोडे तथ्य तरी आहे.

१९४७ च्या होमगार्ड अधिनियमानुसार कामासाठी बोलावलेल्या होमगार्डला पोलीस अधिकाऱ्याला असतात तेच अधिकार आणि तेच कायदेशीर संरक्षण मिळते. फरक आहे तो या अधिकारांच्या मुदतीचा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे अठ्ठाविसावे कलम पोलिसाला सदैव कर्तव्यावर असल्याचे मानते. तो रजेवर गावी गेला, साध्या कपड्यांत बाजारात निघाला, तरी त्याचे पोलीसपण सुटत नाही आणि राज्यात कुठेही त्याला कामावर पाठवता येते. होमगार्डचे पोलीसपण मात्र बोलावण्यासोबत येते आणि बंदोबस्त उठला की त्याच्यासोबतच संपते. काल मिरवणुकीत ज्याने तुम्हाला अडवले, तो आज आपल्या दुकानात किंवा शेतात तुमच्या-आमच्यासारखाच साधा नागरिक असतो.

या व्यवस्थेचे मूळ १९४६ च्या डिसेंबरात आहे. जातीय दंगलींनी पोळलेल्या तेव्हाच्या मुंबई प्रांतात गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या पुढाकाराने, पोलिसांना हातभार लावणारे नागरिकांचे स्वयंसेवी दल म्हणून होमगार्डची स्थापना झाली. सहा डिसेंबर हा या दलाचा स्थापना दिन, आणि योगायोग असा की, पुढे महापरिनिर्वाण दिनामुळे तीच तारीख मुंबईतल्या फार मोठ्या बंदोबस्ताची ठरली.

मूळ कल्पना स्वयंसेवेची असल्यामुळे होमगार्डला पगार नसतो, तर ज्या दिवशी काम त्या दिवसाचे मानधन मिळते. वर्षानुवर्षे हेच काम करणाऱ्यांनी नोकरीत कायम करण्याची मागणी केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती मान्य केली नाही. मात्र दैनिक भत्ता असा असावा की तीस दिवसांची बेरीज पोलिसाच्या किमान वेतनाइतकी होईल, असे सांगितले. न्यायालयाने कामाचे मोल पोलिसाच्या कामाशी तोलले, पण नाते स्वयंसेवेचेच ठेवले, असे मला वाटते.

हुकूम कोणाचा, याचे उत्तरही थोडे गुंतागुंतीचे आहे. होमगार्डला बोलावतो त्याच्या दलाचा समादेशक, पण पोलिसांच्या मदतीसाठी एकदा बोलावल्यावर तो पोलीस अधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली काम करतो. गुन्हा नोंदवणे आणि तपास हे पोलीस ठाण्याचे काम, आणि होमगार्डला स्वतःचे ठाणे नसते.

सार्वजनिक बागेच्या फाटकावरचा सुरक्षारक्षक मात्र या दोघांच्याही पंक्तीत बसत नाही, वर्दी कितीही मिळतीजुळती असली तरी. त्याच्याकडे अटकेचा अधिकार आहे तो कोणाही नागरिकाला असलेलाच: समोर दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) गुन्हा घडला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या चाळिसाव्या कलमानुसार तो गुन्हेगाराला धरू शकतो, पण विनाकारण विलंब न लावता, फार तर सहा तासांत, त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागते.

म्हणून मैदानात गर्दीत खिसा कापला गेला आणि जवळ होमगार्डच उभा असेल, तर पोलिसाची वाट पाहत बसू नये, त्याला लगेच सांगावे. चोराला धरण्याचा अधिकार त्याला त्या घटकेला आहे. तक्रार लिहून द्यायला मात्र पोलीस ठाण्यातच जावे लागेल.