प्लिमसॉल रेषेची पार्श्वभूमी

मुंबई बंदरात लागलेल्या मालवाहू जहाजाची बाजू निरखून पाहिली, तर मधोमध एक वर्तुळ आणि त्याला छेदणारी आडवी रेघ रंगवलेली दिसते. शेजारी शिडीसारख्या बारीक रेघा असतात: उन्हाळा, हिवाळा, उष्ण कटिबंध, गोडं पाणी. गोड्या पाण्यात जहाज जास्त बुडतं, म्हणून त्याची रेघ वेगळी. लागू असलेली रेघ पाण्याखाली गेली, की माल जास्त भरलाय हे धक्क्यावरच्या माणसालाही कळतं.

ही रेघ ज्याच्या नावानं ओळखली जाते, तो सॅम्युअल प्लिमसॉल (१८२४-१८९८) खलाशी नव्हता. मूळचा ब्रिस्टलचा. लंडनमध्ये कोळशाच्या धंद्यात बुडाला आणि काही काळ आठवड्याला आठ शिलिंगांहूनही कमी पैशांत, मजुरांच्या स्वस्त निवाऱ्यात राहिला. गरिबांची कड घ्यायला तो तिथंच शिकला असावा, असं मला वाटतं. १८६८ मध्ये तो डर्बीहून लिबरल पक्षातर्फे ब्रिटिश संसदेत निवडून आला.

त्या काळी जुनी, खिळखिळी जहाजं वाट्टेल तेवढा माल भरून पाठवली जात. बुडालं तर मालकाला विम्याचे पैसे मिळत. खलाशी मात्र करारावर सही करून बसलेला. जहाज धोक्याचं आहे म्हणून चढायला नकार दिला, तर त्याची रवानगी तुरुंगात. अशा जहाजांना लोक शवपेट्याच म्हणत. भाररेषेची, म्हणजे माल किती भरायचा याची मर्यादा दाखवणाऱ्या या रेघेची, मागणी जेम्स हॉल या जहाजमालकानं आधीच केली होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण १८७३ मध्ये लिहिलेल्या आपल्या पुस्तकानं ती घराघरांत नेली प्लिमसॉलनं.

२२ जुलै १८७५ रोजी पंतप्रधान डिझरायली यांनी जहाजांविषयीचं विधेयक बाजूला ठेवल्याचं जाहीर केलं. प्लिमसॉलचा तोल सुटला. मुठी आवळून तो सभागृहातल्या जहाजमालकांना ‘खलनायक’ म्हणाला. शब्द मागे घेईना, तेव्हा त्याला बाहेर जावं लागलं. आठवड्यानं त्यानं माफी मागितली, पण तोवर देश पेटला होता. सरकारनं घाईनं तात्पुरता कायदा केला आणि १८७६ मध्ये भाररेषा सक्तीची झाली.

त्यातही मोठी पळवाट राहिली: रेघ कुठं मारायची, हे मालकच ठरवणार! ती जागा कायद्यानं ठरायला १८९० उजाडलं. तेव्हा प्लिमसॉल खासदार नव्हता. १८८० मध्ये निवडून येऊनही त्यानं डर्बीची जागा लिबरल नेते विल्यम हारकोर्ट यांच्यासाठी सोडली होती. मंत्रिपद त्याला कधीच मिळालं नाही. लंडनमध्ये थेम्सकाठी त्याचं स्मारक आहे; ते १९२९ मध्ये खलाशांच्या संघटनेनं उभारलं.