टेबलावरची अधांतरी पृथ्वी

माझ्या टेबलावर लाकडी चौकटीत लिंबाएवढी एक पृथ्वी तरंगते. वर बोटभर हवा, खाली वीतभर हवा. ती बनवायला घेतली तेव्हा भाचीने विचारलं होतं, "मामा, दोन चुंबक समोरासमोर धरले की झालं ना?"

तसं होत नाही. एका चुंबकावर दुसरा, सारखे ध्रुव समोरासमोर येतील असा धरून सोडा. वरचा बाजूला घसरतो, उलटतो आणि खालच्याला चिकटतो. हात कितीही स्थिर असला तरी हेच. इंग्लंडमधले धर्मोपदेशक आणि गणिती सॅम्युअल अर्नशॉ यांनी १८४२ मध्ये यामागचं गणित मांडलं. त्यावरून कळतं, की नुसत्या कायमस्वरूपी चुंबकांनी कुठलीही मांडणी केली तरी एका दिशेने तोल साधला की दुसऱ्या दिशेने तो सुटतोच.

मग चुंबकाचा जोरच सतत बदलत ठेवायचा. चौकटीच्या वरच्या पट्टीत लोखंडी गाभ्यावर तांब्याची तार गुंडाळून केलेला विद्युतचुंबक, पृथ्वीच्या पोटात निओडिमियमचा (हा धातू वापरून केलेला, फार ताकदवान) छोटा चुंबक आणि दोघांच्या मध्ये हॉल सेन्सर. एडविन हॉल यांना १८७९ मध्ये सापडलेल्या परिणामावर हा सेन्सर चालतो: चुंबकीय क्षेत्र वाढलं की त्याचा व्होल्टेज बदलतो. पृथ्वी वर सरकली की प्रवाह कमी करायचा, खाली गेली की वाढवायचा. तळहातावर काठी उभी तोलताना हात जसा सारखा हलत राहतो, तसंच हे.

सोडलेली वस्तू पहिला एक मिलिमीटर सुमारे १४ मिलिसेकंदांत पडते. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. साधा आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम घालता येणारा छोटा सर्किट बोर्ड, मात्र तेवढ्यात डझनभर वेळा मोजमाप घेऊन प्रवाह बदलू शकतो. हे सगळं सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतं.

खरी झुंज पुढे होती. नुसती जागा बघून प्रवाह बदलला, तर पृथ्वी थरथरू लागली, हेलकावे वाढत गेले आणि शेवटी ती टक्कन वर जाऊन चिकटली. गुंडाळीतला प्रवाह हुकूम दिल्याबरोबर बदलत नाही, त्याला थोडा वेळ लागतो. म्हणून ओढ नेहमी उशिरा पोचते आणि झोपाळ्याला मागून झोका द्यावा तसा प्रत्येक हेलकावा मोठा होत जातो. यावर उपाय म्हणजे जागेबरोबर वेगही मोजणे. पृथ्वी अजून जागेवरच आहे, पण वेगाने वर निघाली आहे, हे कळलं की ओढ आधीच सैल करता येते. ती एक ओळ प्रोग्रॅममध्ये घातली आणि थरथर थांबली. त्या क्षणी मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

आणखी एक अडचण म्हणजे सेन्सरला स्वतःच्या गुंडाळीचंही क्षेत्र जाणवतं, त्यामुळे पृथ्वी कुठे आहे याबद्दल तो फसतो. मग दोन सेन्सर लावले, गुंडाळीच्या वरच्या टोकाला एक आणि खालच्या टोकाला एक. गुंडाळीचं क्षेत्र दोघांना सारखंच दिसतं, पृथ्वीचं मुख्यतः खालच्याला. वजाबाकी केली की पृथ्वी उरते.

गंमत अशी, की पृथ्वीतला चुंबक गाभ्यातल्या लोखंडाला स्वतःहूनही खेचत असतो. ही ओढ आणि वजन जिथे नेमकं जुळतं त्या उंचीवर तिला ठेवलं, तर गुंडाळीला जेमतेम प्रवाह पुरतो आणि ती तापत नाही.

वीज गेली की पृथ्वी पडते, म्हणून खाली मऊ कापड हवंच. निओडिमियमचा चुंबक ठिसूळ असतो, आपटला की तुकडे उडतात. लहान मुलांच्या हाती हे चुंबक देऊ नका. दोन गिळले गेले तर आतड्याला चिमटा बसून जीवावर बेतू शकतं. पेसमेकर असलेल्यांनीही लांबच राहावं.

उभ्या अक्षाभोवती फिरायला मात्र तिला जवळजवळ काहीच अडवत नाही, फक्त हवा. भाची येता-जाता तिला बोटाने हलकेच फिरवते, आणि चहा पिऊन होईपर्यंत भारत दर फेरीला समोरून जात राहतो.