भारूड, संसारपर

लग्न, सासर, नवरा, मूलबाळ आणि घरकाम यांवर विनोदी अंगाने रचलेली, रूपकातून परमार्थ सुचवणारी व सोंग घेऊन सादर होणारी भारुडे. पैठणच्या संत एकनाथांच्या (सु. 1533–सु. 1599) रचना हा या प्रकाराचा मुख्य आधार. सुमारे 125 विषयांवरील 300 च्या आसपास भारुडे त्यांच्या नावावर सांगितली जातात. समाधीची परंपरागत तिथी शके 1521, फाल्गुन वद्य षष्ठी. शकात 78 मिळवून 1599 हे साल काढतात. मात्र फाल्गुन हा वर्षाचा अखेरचा महिना असल्याने गतशक (पूर्ण झालेल्या वर्षांची मोजणी) धरल्यास ती तिथी 1600 च्या आरंभी पडते.

‘भारूड’ शब्दाच्या व्युत्पत्तीबाबत एकमत नाही. ‘बहुरूढ’ म्हणजे लोकांत फार रुळलेले, त्यावरून भारूड, ही उपपत्ती अधिक प्रचलित आहे. ‘ब’ आणि ‘ह’ मिळून ‘भ’ होणे मराठीला परके नाही. दुसरे मत भारुंड या दोन तोंडांच्या कल्पित पक्ष्याकडे बोट दाखवते: एक तोंड प्रपंचाचे, एक परमार्थाचे. ही कल्पना अर्थाला नेमकी जुळते. पण ती अर्थ ठरल्यानंतर सुचलेली असावी, अशी शंका राहते. डौर वाजवून गाणाऱ्या भराडींशी नाते जोडणारे तिसरे मत सादरीकरणाच्या दृष्टीने विचारार्ह आहे, तथापि ‘भराड’चा ‘भारूड’ कसा झाला, याचा उलगडा त्यात होत नाही.

‘रोडगा’ या भारुडात सून भवानीला नवस बोलते: सासरा, सासू, जाऊ, नणंदेचे पोर, शेवटी दादलाही वाटेतून दूर कर, मला एकटी राहू दे. मोबदला काय, तर गोवऱ्यांच्या आरात भाजलेला गव्हाचा रोडगा. भवानी म्हणजे तुळजापूरची, हे मराठवाड्यातल्या श्रोत्याला सांगावे लागत नाही. जावेसाठी मागितलेले वैधव्य आज कानाला बोचते. त्या मागणीत दिराचा जीवही जातो. सासू म्हणजे माया, एकटेपण म्हणजे उपाधी (संसाराची बंधने) सुटलेला जीव, असा अर्थ लावतात. कोणते नाते कशाचे प्रतीक, यात निरूपणकारांगणिक फरक पडतो. परमार्थ मान्य करूनही, हसू आधी सासुरवासाच्या खरेपणाने येते, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे. रूपकाच्या घाईत टीकाकारांनी त्या सुनेकडे पुरेसे पाहिलेले नाही.

‘दादला नको’मध्ये तक्रार घरातल्या वस्तूंची: मोडके छप्पर, फाटके लुगडे, शिवायला दोरा नाही, जोंधळ्याची भाकर आणि अंबाडीची भाजी आहे, पण वर तेलाची धार नाही. अंबाडीला सढळ तेल लागते, हे रांधणाऱ्यालाच ठाऊक. ओळीची गंमत तिथे आहे. ‘बुरगुंडा’त मूल होण्याचे भाकीत येते. मराठवाड्यातील भारूडकार निरंजन भाकरे (मृ. 2021) यांची ओळख या सोंगाशी जोडलेली होती.

सोंगी भारुडात पुरुष लुगडे नेसून सून होतो. साथीला टाळ, मृदंग, संबळ, तुणतुणे यांपैकी हाताशी असेल ते. सोंगाड्या मूळ कडव्यांत गावातली नावे, चालू भाव, लग्नातले मानपान असे पदरचे घालतो, त्यामुळे छापील संहितेवरून प्रयोगाचा अंदाज येत नाही.

लग्नाच्या वऱ्हाडावरील प्रा. लक्ष्मण देशपांडे (मृ. 2009) यांचा 52 पात्रांचा एकपात्री प्रयोग ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ मराठवाड्यातलाच. एका नटाने वेगवेगळी माणसे उभी करण्याच्या रीतीत भारुडाशी साम्य दिसते.