इग्बो मुलखातलं कॅथलिक मिशन : पार्श्वभूमी

कॅथलिक धर्मगुरू फादर जोसेफ लुट्झ आणि त्यांचे तीन सोबती ५ डिसेंबर १८८५ रोजी आजच्या नायजेरियात, इग्बो लोकांच्या मुलखातल्या नायजर नदीकाठच्या ओनित्शा गावात उतरले, ते उशिराच. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चचं मिशन तिथे १८५७ पासून ठाण मांडून होतं. त्याचे कर्तेधर्ते सॅम्युएल क्राउदर हे लहानपणी गुलाम म्हणून विकले गेलेले, पुढे बिशप झालेले योरुबा जमातीचे गृहस्थ.

ओनित्शाच्या ओबीने, म्हणजे तिथल्या राजाने, या नव्या पाहुण्यांना जागा दिली. पवित्र आत्मा संघ या कॅथलिक धर्मसंघाच्या या फ्रेंच मिशनने औषधपाणी आणि गुलामांची सुटका ही कामं हाती घेतली. पैसे मोजून सोडवलेले गुलाम, टाकून दिलेले आजारी, आसरा नसलेली माणसं यांच्या ख्रिस्ती वस्त्या उभ्या राहिल्या. काम पुण्याचं होतं खरं, पण ‘हा धर्म गुलामांचा’ असा गावातल्या प्रतिष्ठितांचा समज झाला आणि ते लांबच राहिले. अपवाद अगुलेरीचे मुखिया इडिगो. त्यांनी १८९१ मध्ये बाप्तिस्मा घेतला.

खरी कलाटणी पुढच्या शतकात मिळाली. १९०० मध्ये मिशनचे प्रमुख झालेले फादर लझ्यून शाळांकडे वळले. १९०२ मध्ये आलेले आयरिश फादर जोसेफ शॅनहन १९०५ पासून प्रमुख झाले आणि त्यांनी तोच धागा पुढे ताणला. गुलाम सोडवण्यासाठी युरोपातून येणारा पैसाही त्यांनी शाळांवर लावला. एव्हाना ब्रिटिश अंमल पक्का होत होता. कचेऱ्यांना कारकून हवे होते, दुभाषे हवे होते. अँग्लिकनांचा भर इग्बो भाषेवर होता, कॅथलिक शाळा इंग्रजी शिकवत. पालक कुठे वळले असतील, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको! गावोगावचे लोक स्वतःच शाळा मागू लागले. गावात फादर क्वचितच फिरके. वर्ग आणि प्रार्थना दोन्ही सांभाळी तो स्थानिक शिक्षक. या वाढीचं श्रेय एकट्या शॅनहन यांना देण्याची प्रथा आहे. मला त्यात या शिक्षकांवर अन्याय दिसतो.

१९२० मध्ये शॅनहन बिशप झाले. अगुलेरीजवळ १९०३ मध्ये जन्मलेले मायकेल इवेने तान्सी हे अशाच शाळांतून शिकले, आधी शिक्षक झाले आणि १९३७ मध्ये धर्मगुरू. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ मध्ये नायजेरियात येऊन त्यांना ‘धन्यवादित’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं.